उसन्या खात्यातलं ॲप

ताई, नमस्कार.

मी नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री ॲप बनवणारी एकटी डेव्हलपर. २०२२ मध्ये मी एक छोटं ॲप केलं: आपलं कुठलं पुस्तक कोणाला वाचायला दिलंय, कधी दिलंय, परत आलं का, याची नोंद ठेवणारं. तेव्हा माझं प्ले कन्सोलचं, म्हणजे गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं, खातं नव्हतं. कॉलेजच्या मित्राचं होतं. तो म्हणाला, 'टाक माझ्याच खात्यातून, वेगळं कशाला करतेस?' मी टाकलं. आयकॉन त्याने काढून दिला, स्टोअरवरचं वर्णनही त्यानेच लिहिलं. कोड सगळा माझा. ॲप फुकट आहे, पण एकदाच पैसे भरून जास्तीच्या सोयी घेता येतात. ते पैसे त्याच्याकडे जमा होतात आणि तो ते मला न चुकता पाठवतो.

आता त्याला गूगलकडून ओळख पडताळणीची नोटीस आलीय. तो म्हणतो, 'मी माझं ओळखपत्र का देऊ? उद्या कंपनीने विचारलं, हा जोडधंदा कसला, तर?' बोलता बोलता हसत हेही म्हणाला की 'तसं बघितलं तर ॲप माझ्याच नावावर आहे.' गमतीत बोलला असेल, पण माझी झोप उडाली. मुदत संपायला पाच आठवडे आहेत. मी खातं उघडावं तर ओळखपत्रावर माझं पूर्ण नाव आणि बँकेत नुसती आद्याक्षरं. शिवाय स्टोअरवर घरचा पत्ता सगळ्यांना दिसतो असं ऐकलंय, आणि मी एकटी राहते. कधी वाटतं, स्टोअरच सोडावं आणि फाइल थेट आपल्या साइटवरून द्यावी. ॲप माझंच आहे हे मी सिद्ध कसं करू?

– झोप उडालेली

नमस्कार,

कोणाकडे आपलं काय अडकलंय याची चोख नोंद ठेवणारं ॲप तुम्ही केलंत, आणि तेच दुसऱ्याकडे ठेवताना स्वतःची नोंद करायची राहिली. चिडवत नाहीये. सुरुवातीला आपल्याला फक्त ॲप लोकांपर्यंत पोचायला हवं असतं. ते कोणाच्या खात्यातून पोचतंय हा प्रश्न त्या उत्साहात सुचतच नाही. तुमच्या मित्राने तेव्हा मदतच केली होती, हे पुढचं वाचताना विसरू नका. तेच तुमच्या कामाला येणार आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोड कोणी लिहिला हा एक. ॲपचा ताबा कोणाकडे आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या बाजूने भक्कम आहे. कोड लिहिला की त्यावरचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे आज बहुतेक जगात हेच चालतं. (नोकरी सांभाळून काम करता, म्हणून एक अपवाद तपासा: तुमच्या नोकरीच्या करारात 'कर्मचाऱ्याने केलेलं सगळं कंपनीचं' अशा अर्थाचं कलम आहे का? असेल तर मित्राआधी त्याची काळजी करा.) तुमच्या रिपॉझिटरीतल्या (कोडच्या साठ्यातल्या) कमिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या, तारखा, पहिली कच्ची रेखाटनं, मित्राशी झालेले मेसेज, त्याने पैसे पाठवल्याच्या नोंदी, हे सगळं पुरावा म्हणून पुरेसं बोलतं.

दुसऱ्या प्रश्नात मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही. पडताळणी करताना स्टोअर 'हे कोणी बनवलं' असं विचारतच नाही. उद्या ॲपबद्दल तक्रार आली तर कोणाला धरायचं, एवढंच त्याला हवं असतं. त्याचं उत्तर आज तुमचा मित्र आहे. ॲप काढून टाकण्याचं, किंमत बदलण्याचं, दुसऱ्याला देऊन टाकण्याचं बटण त्याच्याकडे आहे, आणि तुमच्या कमिटच्या तारखा दाखवून ते बटण तुमच्याकडे येणार नाही. म्हणून 'माझंच आहे' हे सिद्ध करायच्या मागे लागू नका. भांडण अजून सुरू झालेलं नाही. पुरावे काढलेत की ते सुरू होईल. पुरावे जपून ठेवा आणि ॲप तुमच्या खात्यात आणायच्या कामाला लागा.

हे आणायची रीतसर वाट आहे, तिला ॲप ट्रान्सफर म्हणतात. मित्राच्या कन्सोलमधून विनंती जाते, तुम्ही तुमच्या खात्यातून स्वीकारता, गूगल तपासून हलवतं. पॅकेज नेम (स्टोअर आणि फोन ॲपला ज्या नावाने ओळखतात ते) तेच राहतं, ॲप ज्यांच्या फोनवर आहे त्यांना कळतही नाही. रेटिंग, रिव्ह्यू, आकडेवारी सगळं सोबत येतं. येत नाहीत त्या गोष्टी आधीच उतरवून घ्या: मिळकतीचे जुने अहवाल मित्राच्याच खात्यात राहतात, आणि टेस्टरचे गट तुम्हाला नव्याने करावे लागतात. ॲपमध्ये पैसे घेता, म्हणून तुमच्या नव्या खात्याला पैसे स्वीकारण्याचं पेमेंट प्रोफाइल आधीच जोडलेलं हवं. आणखी एक बारीक गोष्ट: खाते-नोंदणीच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक लागतो. तो सहसा कुठल्यातरी जुन्या ईमेलमध्ये गाडलेला असतो, आणि बऱ्याच लोकांचे दोन दिवस तो शोधण्यात जातात. मित्रालाही त्याचा शोधून ठेवायला सांगा.

कन्सोलच्या बाहेरचं सामानसुमान लोक हमखास विसरतात. डेटाबेस किंवा नोटिफिकेशनसाठी गूगलची फायरबेस सेवा वापरत असाल तर तो प्रोजेक्ट कोणाच्या नावावर आहे? गोपनीयता धोरणाचं पान कोणाच्या साइटवर आहे? ॲपवर दिलेला मदतीचा ईमेल कोण वाचतं? ॲप तुमच्याकडे आलं आणि त्याच्या पोटातला डेटा मित्राकडेच राहिला, तर निम्मंच आलं.

आता तुमच्या खात्याकडे वळू, कारण ते उभं राहिल्याशिवाय ट्रान्सफर कुठे करणार? आजच उघडा. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. त्यासाठी वेगळा ईमेल घ्या, दुहेरी सुरक्षा लावा, रिकव्हरीचे कोड कागदावर लिहून ठेवा. नव्या वैयक्तिक खात्याला खरा अँड्रॉइड फोन जवळ आहे हेही दाखवावं लागतं, तेव्हा नुसत्या एम्युलेटरवर (संगणकातल्या नकली फोनवर) काम करत असाल तर एखादा फोन जवळ ठेवा.

नावाच्या घोळात लोक सर्वांत जास्त अडकतात, आणि तो सर्वांत सोपा आहे. कागद तपासणारी यंत्रणा तुम्हाला ओळखत नाही. ती फक्त दोन ओळी जुळवून पाहते. तुम्ही पेमेंट प्रोफाइलमध्ये लिहिलेलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव. एकात पूर्ण नाव आणि दुसऱ्यात आद्याक्षर असेल तर तुम्ही कितीही खऱ्या असा, जुळत नाही म्हणजे नाही. म्हणून प्रोफाइल भरतानाच ओळखपत्र समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच उतरवा, घरच्या हाकेचं नाव किंवा ॲपचं नाव तिथे घालू नका. पत्त्याचंही तेच. बँकेतलं नाव ओळखपत्राप्रमाणे बदलून घ्यायचा अर्ज समांतर द्या. त्याला वेळ लागतो, पण पैसे वळते करताना ते नाव आडवं येण्याआधी झालेलं बरं.

फोटो काढताना मूळ कागदाचाच काढा, झेरॉक्सचा किंवा स्क्रीनशॉटचा नको. चारही कोपरे दिसू द्या, फ्लॅश बंद ठेवा, मुदत संपलेलं ओळखपत्र देऊ नका. आणि नाकारलं तर घाईघाईने तोच फोटो परत पाठवू नका. आधी कारण वाचा, प्रोफाइलमधली ओळ दुरुस्त करा, मग पाठवा. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच कागद सहा-सात वेळा पाठवून 'मला छळतायत' म्हणणारे बरेच असतात. छळ असतोही, पण सातव्या वेळी तोच कागद पाठवून तो संपत नाही.

पत्त्याबद्दलची तुमची भीती मला सगळ्यात खरी वाटते. वैयक्तिक खात्यावरून ॲप नुसतंच फुकट दिलं तर लोकांना तुमचं कायदेशीर नाव, देश आणि डेव्हलपर म्हणून दिलेला ईमेल दिसतो. ॲपमधून पैसे घेऊ लागलात की पूर्ण पत्ताही दिसू लागतो. तुम्ही पैसे घेता, म्हणजे घरचा पत्ता घातलात तर तो दिसणार. ग्राहकाला विकणारा कोण हे कळायला हवं, हे तत्त्व मला मान्य आहे. पण एका मोठ्या कंपनीचं कार्यालय आणि एकट्या बाईचं घर यांना एकच नियम लावणं हे मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही.

तुमच्यापुढे दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, काही काळ पैसे घेणं बंद करून ॲप पूर्ण फुकट ठेवायचं. वर्षाकाठी त्यातून किती येतं ते मांडून बघा. रक्कम किरकोळ असेल तर हीच वाट शांत झोप देईल. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांच्या सोयी काढून घेऊ नका, सगळ्यांनाच खुल्या करा. दुसरी, तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे लहानसा व्यवसाय नोंदवून त्याच्या नोंदणीकृत पत्त्यावर संस्थेचं खातं काढायचं. त्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा नऊ आकडी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो; ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून गूगलने नव्या संस्था-खात्यांना तो सक्तीचा केला. क्रमांक फुकट मिळतो, पण महिनाभर लागू शकतो, आणि तुमच्या हातात पाच आठवडे आहेत. शिवाय संस्थेच्या खात्यावर फोन नंबरही दिसतो. म्हणून माझा कल पहिल्या वाटेकडे: आत्ता वैयक्तिक खातं, ॲप फुकट, घर सुरक्षित. पुढे व्यवसाय उभा राहिला तर संस्थेचं खातं काढून ॲप पुन्हा तिकडे हलवता येईल. शेजाऱ्याचा किंवा खोटा पत्ता घालायची कल्पना मनात आली असेल तर सोडून द्या. ती पडताळणीत पकडली गेली तर ॲपही जाईल आणि खातंही.

स्टोअर सोडून थेट फाइल द्यायचा विचार. तो मोकळेपणा मलाही आवडतो, पण तुमच्या बाबतीत त्यात एक खड्डा आहे जो वरून दिसत नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवरच्या नव्या ॲपवर शेवटची सही, म्हणजे फाइल खरी असल्याचा डिजिटल शिक्का, गूगलकडच्या कीने (गुप्त किल्लीने) होते; तुमच्याकडे असते ती फक्त गूगलकडे फाइल पाठवताना वापरायची अपलोड की. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही स्वतःची की गूगलला दिली नसेल, तर तुम्ही घरी सही केलेली फाइल प्लेवरून घेतलेल्या ॲपच्या जागी बसणारच नाही. अँड्रॉइड सही ताडून पाहतं आणि नकार देतं. लोकांना जुनं ॲप काढून नवं टाकावं लागेल, आणि काढताना फोनमधली उसन्या पुस्तकांची सगळी यादी पुसली जाईल. नोंदी जपायला आलेल्या माणसांना तुम्ही हे सांगणार आहात का?

शिवाय ती वाटही अरुंद होत चाललीय. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून टाकायच्या ॲपचा डेव्हलपरही पडताळलेला हवा. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, नंतर बाकी जग. एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त ॲप-भांडारांनी त्यावर कडाडून टीका केली. त्यानंतर गूगलने जाणत्या वापरकर्त्यांसाठी खास मार्ग आणि विद्यार्थी-हौशी मंडळींसाठी मर्यादित वाटपाचं खातं ठेवू असं सांगितलं. तुमच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या व्यवस्थेत प्रत्येक पॅकेज नेमची नोंद कोणाच्या तरी नावावर होते. बाहेरच्या ॲपचा हक्क सांगताना सहीची की हातात आहे हे दाखवावं लागतं, आणि प्लेवरच्या ॲपची नोंद शक्य तिथे ज्याच्या कन्सोलमध्ये ॲप आहे त्याच्या नावे होते. म्हणजे काहीच न करता बसलात, तर तुमच्या मित्राने हसत म्हटलेलं वाक्य कागदोपत्री खरं होईल.

कीचा विषय निघाला म्हणून माझी एक गोष्ट सांगते. २०२१ च्या त्या नियमाच्या कितीतरी आधी माझ्या एका ॲपची कीस्टोअर फाइल, म्हणजे की ठेवलेली फाइल, एकाच लॅपटॉपवर होती. लॅपटॉप गेला, फाइल गेली. ॲप स्टोअरवर दिमाखात उभं, आणि मी त्यात एक स्वल्पविरामही बदलू शकत नव्हते. नव्या पॅकेज नेमने ते पुन्हा टाकलं. जुन्या वापरकर्त्यांपैकी मोजके आले, बाकीचे त्या गोठलेल्या आवृत्तीवरच राहिले. तुमची अपलोड की हरवली तर गूगलकडे मागून बदलून मिळते, त्यामुळे माझ्याइतकं नुकसान व्हायचं नाही. तरी ती फाइल आणि तिचा पासवर्ड आज रात्री दोन ठिकाणी ठेवा. मित्राच्या लॅपटॉपवरही प्रत असेल तर ट्रान्सफरनंतर अपलोड की बदलून घ्या.

'नव्या खात्यातून ॲप नव्याने टाकते, जुनं जाऊ दे' हा मोह होईल, तो टाळा. गेलेलं पॅकेज नेम परत वापरता येत नाही, रेटिंग शून्यावर येतात. आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना नवं ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले ठेवून बंद चाचणी करावी लागते. सुरुवातीला हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो खाली आला. एकट्या माणसाला चौदा दिवस न कंटाळणारे बारा जण जमवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तयार, पडताळलेलं खातं विकत देणारेही भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बंद झालेल्या खात्याशी नातं दिसलं की गूगल संबंधित खातीही बंद करतं, आणि विकत घेतलेल्या खात्याच्या मागे काय काय लागून आलंय हे तुम्हाला कधीच कळत नाही.

मित्राला पटवायचं कारण त्याच्याच भीतीत आहे. त्याची भीती खोटी नाही. तो चालवत नाही अशा ॲपखाली त्याचं कायदेशीर नाव झळकणार, पैसे त्याच्या खात्यात येताना दिसणार. त्यातून त्याला सोडवायचा सरळ उपाय ट्रान्सफर हाच आहे. त्याने पडताळणी केलीच नाही तर मुदतीनंतर ॲप स्टोअरवरून उतरू शकतं, म्हणून मुदतीच्या आत हलवणं दोघांच्या सोयीचं. कन्सोलमध्ये मुदत वाढवून मागायचा पर्याय दिसत असेल तर तो त्याने आजच वापरावा. पडताळणी केल्याशिवाय ट्रान्सफर पुढे जातच नसेल तर त्याला एकदा ओळखपत्र द्यावं लागेल. ते मागताना आढेवेढे घेऊ नका, 'ॲप माझ्याकडे आलं की तुझ्या खात्याचं काय करायचं ते तू ठरव' असं स्पष्ट सांगा. मात्र त्याच्याच खात्यात तुमचे कागद घालून ते 'तुमचं' करायचा उद्योग करू नका. ॲप हलवता येतं, म्हणून ॲपच हलवा.

आयकॉनचं काय? तो त्याने काढलाय, म्हणून त्यावरचा हक्क त्याचाच आहे, आणि तुम्ही 'ॲप सगळं माझं' म्हणालात तर या एका मुद्द्यावर तो बरोबर ठरेल. वर्णनाचंही तसंच. त्याला त्याचा मोबदला विचारा, किंवा ॲपमध्ये त्याचं नाव द्या, किंवा दोन्ही. मग एक पानभर मजकूर लिहून दोघांनी सही करा: कोड तुमचा, आयकॉन आणि वर्णनाचे हक्क तो तुम्हाला देतोय, आजवरच्या पैशांचा हिशेब पूर्ण झाला, अमुक तारखेआधीच्या व्यवहारांचं काही निघालं तर कोण बघणार. हक्क देण्याबाबतचे नियम देशोदेशी वेगळे असतात, पण लेखी कागद सगळीकडेच उपयोगी पडतो. जमलं तर तो वकिलाच्या नजरेखालून घाला.

त्याला मेसेज करणार असाल तर वादाचा सूर नको. मी असा लिहिला असता: 'तू तेव्हा खातं दिलंस म्हणून हे ॲप लोकांपर्यंत गेलं, नाहीतर माझ्या लॅपटॉपमध्येच पडून राहिलं असतं. आता तुझं नाव यात अडकायला नको. मी माझं खातं उघडतेय, ॲप तिकडे घेते. तुझी अर्ध्या तासाची मदत लागेल, शनिवारी बसूया का? आयकॉनचंही तेव्हाच बोलू.'

आयफोनवर जाणार असाल तर तिथे पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच खात्यातून जा. वर्षाला ९९ डॉलर, वैयक्तिक खात्यावर विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नाव. टोपणनाव घातलंत तर नोंदणी रखडते. युरोपीय संघात ॲप देणार असाल तर तुम्ही व्यापारी आहात की नाही हे जाहीर करावं लागतं. ज्यांनी ते सांगितलं नाही त्यांची ॲप्स १७ फेब्रुवारी २०२५ ला ॲपलने तिथल्या स्टोअरवरून उतरवली. व्यापारी म्हणून दाखवायच्या पत्त्याच्या जागी तिथे पोस्ट बॉक्स चालतो, ही त्यातली तुमच्यासाठी बरी बातमी.

ॲप तुमच्या खात्यात आलं की त्याच दिवशी एक अगदी छोटा अपडेट टाका, एखादा शब्द बदललात तरी चालेल. तो तुमच्या कीने, तुमच्या कन्सोलमधून लोकांच्या फोनवर पोचला आणि जुनी यादी जागेवर राहिली, की मित्राच्या कन्सोलमधून स्वतःचं नाव वापरकर्ता म्हणून काढून घ्या. आणि तुमच्याच ॲपमधली त्याची नोंद 'परत आलं' करून टाका.